घोडीचे पांघरूण

दिवाळीच्या आवराआवरीत प्रत्येक घरात काही ठरावीक वस्तूंवरून ठरावीक वाद होतात. आमच्या घरी हा मान एका काळ्या घोंगड्याकडे आहे. नवरात्र संपले की माळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली येते, झाकण उघडते, डांबराच्या गोळ्यांचा वास घरभर पसरतो आणि सूनबाई घोंगड्याचे एक टोक दोन बोटांत धरून विचारतात, "आई, हे यंदा तरी काढायचे ना?" मी नाही म्हणते. घोंगडे चार दिवस गच्चीत उन्हे खाते आणि पुन्हा ट्रंकेत जाते.

यंदा नातीने मध्येच तोंड घातले. "पण आजी, हे होते कुणाचे?"

"बिजलीचे."

"बिजली कोण? तुझी आत्या?"

"नाही ग. घोडी."

घरात जो हशा पिकला तो बराच वेळ टिकला. हसणारांना मी दोष देत नाही. घोडा आता लग्नाच्या वरातीत किंवा माथेरानच्या सहलीत तेवढा दिसतो. त्याला पांघरूण लागते, ते फाटते, ते शिवावे लागते आणि ते नीट शिवले नाही तर काय होते, हे कुणाला ठाऊक असायचे? मला ठाऊक आहे, आणि ते मी कशी शिकले हे सांगायला आजवर जीभ फारशी रेटली नव्हती.

माझे लहानपण दारव्ह्याला गेले. यवतमाळ जिल्ह्यातले हे तालुक्याचे गाव, कापसाचे. मूर्तिजापूरहून कारंजा, दारव्हा करीत यवतमाळला जाणारी अडीच फूट रुंदीची छोटी रेल्वे ही गावाची मोठी शोभा. पुढे तिला लोक प्रेमाने 'शकुंतला' म्हणू लागले. १९९४ च्या एप्रिलपर्यंत ती वाफेच्या इंजिनावर चालत होती, मग डिझेल आले, आणि आता तर ती धावतच नाही. आमच्या स्टेशनाचे नाव मात्र मोठे ऐटबाज होते, दारव्हा मोतीबाग! गाडी आली की मोतीबागेच्या फाटकाशी टांगे उभे असत. त्यांतला एक टांगा आमच्या शेजारच्या बाबांचा.

बाबा म्हणजे नात्यातले कुणी नव्हेत. सारी आळीच त्यांना बाबा म्हणे. ते माझ्या आजीला 'माय' म्हणत, वयाने तिच्याहून थोडे मोठे असूनही. त्यांची घोडी कुमैत रंगाची, बेताच्या उंचीची. नाव बिजली असले तरी तिला घाईघाईने कुठे जाताना मी पाहिलेले नाही. धामणगाव (देव) ला मुंगसाजी महाराजांच्या दर्शनाला जाणारी मंडळी बाबांचा टांगा आवर्जून ठरवीत, कारण त्यात बसून पोटातले पाणी हलत नसे.

बिजलीची तीन वस्त्रे होती. एक तांबडी झूल, आरसे आणि कवड्या लावलेली. ती दसऱ्याला आणि वरातीला. ही झूल पाहुण्यांसाठी असे. घोडीला तिचे काही सुखदुःख नव्हते. खरी वस्त्रे म्हणजे दोन काळी घोंगडी. त्यांतले एक दिवसा चौघडी करून साजाच्या खोगिराखाली जाई, दुसरे त्या वेळी कुडाच्या भिंतीवर ऊन खात असे. रात्री सुके घोंगडे उलगडून बिजलीच्या अंगावर पडे. "एक पाठीवर, एक उन्हात" हा बाबांचा नियम होता आणि पावसाळ्याचे चार महिने तो मोडला जातो म्हणून ते दरवर्षी पावसावर रागावत.

या घोंगड्यांची डागडुजी माझी आजी करी. त्याचा मोबदला असा काही ठरलेला नव्हता. आम्हांला स्टेशनावर जायचे असले की टांगा दाराशी येई, आणि घोंगडे फाटले की ते आमच्या ओट्यावर येई. दोन्हींचा हिशेब कुणी ठेवला नाही.

इथे एका शब्दाबद्दल मला थोडे भांडायचे आहे. आपण 'खोगीरभरती' म्हणतो ते तुच्छतेने. सभेला माणसे कमी पडली, मासिकात पाने उरली, की उगाच काहीतरी भरायचे, ती खोगीरभरती. हा शब्द ज्याने असा वापरात आणला तो खोगिरावर बसलेला असेल, खोगिराखाली उभा राहिलेला नक्की नव्हे! खोगिराच्या आत भरलेली लोकर, चिंध्या, गवत जे काही असेल ते, आणि त्याखालचे घोंगडे, एवढेच काय ते लाकूड-चामडे आणि घोड्याची कातडी यांच्यामध्ये असते. मराठ्यांच्या फौजेत बारगिराला घोडे सरकारातून मिळे आणि शिलेदार आपले घोडे घेऊन चाकरीस येई. ज्या शिलेदाराच्या घोड्याची पाठ खराब भरतीने सोलली, त्याला पायी चालताना या शब्दाचा खरा अर्थ कळत असला पाहिजे. या कामासाठी लोकरीचा नमदाही वापरतात. गंमत अशी की साहेबाने तो आपल्याकडून उचलला आणि त्याचे 'नम्नाह' करून आपल्या कोशात बसवला. आजही विलायतेत खोगिराखालच्या गादीला तेच नाव आहे.

टांग्याच्या घोडीवर स्वार बसत नाही, मग तिला खोगिराची काय काळजी, असे कुणी म्हणेल. पण टांग्याच्या दोन्ही दांड्यांचा भार पट्ट्यावाटे त्या लहानशा खोगिरावर येतो. माणसे मागे जास्त झाली की टांगा उलाळ होतो आणि पुढे जास्त झाली की सारे ओझे घोडीच्या पाठीवर. टांगेवाला उतारूंना "जरा मागं सरा, जरा पुढं सरा" म्हणून सारखा हैराण का करीत असे, ते आता ध्यानात येईल. तो हिशेब पाठीचा असे.

बाबा घोंगडे घालीत ते पाहण्यासारखे होते. आधी पाठीवरून खरारा फिरवून घाम-माती काढायची. मग चौघडीची बंद कड पुढे ठेवून घोंगडे हवे त्याहून चार बोटे पुढे, मानेकडे टेकवायचे आणि तिथून मागे ओढून जागेवर आणायचे. असे केले की खालचे केस आपल्या वळणाने सपाट बसतात. उलट ढकलले तर केस उभे राहतात आणि दिवसभर बोचतात. शेवटी मानेच्या बुडाशी जो हाडाचा उंचवटा असतो, तिथे घोंगडे दोन बोटांनी वर उचलून खोगिराच्या पोकळीत सारायचे, म्हणजे तिथे वाऱ्याला वाट राहते. या सगळ्याला दोन मिनिटेही लागत नसत. पण टांग्याला कितीही घाईचे गिऱ्हाईक असो, ती दोन मिनिटे बाबांनी कधी सोडली नाहीत.

संध्याकाळी घोडी सुटली की घोंगडे घामाने ओथंबलेले असे. लोकरीचा गुण असा की ती आपल्या वजनाच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्शाइतकी ओल पोटात घेते आणि तरी हाताला ओली लागत नाही. म्हणूनच ती घोड्याच्या पाठीला चांगली. पण घामातले पाणी उडून जाते, मीठ राहते. ते मीठ साठत गेले की घोंगडे पापडासारखे ताठ होते. म्हणून रोज वाळल्यावर काठीने झोडायचे, मग हाताने चोळून मऊ करायचे आणि कुसळे वेचून काढायची. कुसळे वेचणे हे आम्हां पोरांचे काम. बाबा एका कुसळाला एक चिंचोका देत, आणि आम्ही लबाडी करून गवतातली कुसळे आणून दाखवीत असू.

धुणे मात्र वर्षातून दोनदाच, थंडी सरल्यावर आणि पावसाळा उलटल्यावर. गार पाणी आणि रिठे. धुण्याचा सोडा आजी घोंगड्याच्या जवळही येऊ देत नसे; सोड्याने लोकर पिठासारखी होते असे ती म्हणे, आणि ते खरे आहे, खारामुळे लोकरीचा तंतू दुबळा होतो. गरम पाणीही वर्ज्य. लोकरीच्या तंतूवर माशाच्या खवल्यांसारखे बारीक पापुद्रे असतात. उष्णता, ओल आणि रगडणे ही तिन्ही एकत्र आली की ते एकमेकांत अडकतात आणि कापड आटून जाड गोळा होते. नमदा मुद्दाम तसाच करतात, लोकर भिजवून, लाटून. म्हणजे ज्याने नमदा जन्माला येतो त्यानेच घोंगडे मरते. ज्या भगिनींनी यजमानांचा लोकरी स्वेटर एकदा गरम पाण्यात घालून तो मुलाला येईल एवढा करून ठेवला असेल, त्यांना हे अधिक सांगायला नको. धुतलेले घोंगडे पिळायचे नाही, कोपऱ्याला धरून टांगायचे नाही. बाजेवर आडवे पसरायचे आणि पहिला दिवस सावलीत. पुरते वाळले की मग ऊन. ते ऊन कसरीसाठी. घोंगड्याभोवती उडणारा तो भुरका पतंग काही खात नाही, खाते त्याची अळी; आणि तिला स्वच्छ लोकरीपेक्षा घामट, मळकट लोकर अधिक आवडते. तेव्हा न धुता ट्रंकेत टाकलेले घोंगडे म्हणजे कसरीला केळवणच.

आता माझी गोष्ट.

१९५८ चा वैशाख. मी अकरा वर्षांची. शाळेत शिवणाच्या तासाला माझ्या ठिगळाला बाईंनी शाबासकी दिली होती आणि ती माझ्या डोक्यात गेली होती. लग्नसराई ऐन भरात, बाबांना उसंत नाही. आणि आमच्याकडे आजी कुरडयांच्या चिकात कोपरापर्यंत बुडालेली. अशात बाबांनी एक घोंगडे आणून ओट्यावर ठेवले. मधोमध विरून तळहाताएवढे भोक पडले होते. "माय, उद्या लागते," एवढे म्हणून ते गेले. आजीने आतून "ठेवा" म्हटले आणि ती विसरली.

मी विसरले नाही. खादीच्या जाड कापडाचा नवा तुकडा घेतला, चारी कडा शाळेत शिकवल्याप्रमाणे आत दुमडल्या, पांढऱ्या दोऱ्याने बारीक, एकसारखे टाके घातले आणि चारी कोपऱ्यांना भक्कम दुहेरी गाठी मारल्या. ठिगळ असे चौकोनी, नीटनेटके बसले की मी ते आजीला दाखवायलासुद्धा थांबले नाही. पहाटे बाबा आले तेव्हा मीच नेऊन त्यांच्या हातात दिले. त्यांना अंधारात ते काय दिसणार! आजीच्या हातचे म्हणून त्यांनी घडी घातली आणि वऱ्हाड घेऊन निघून गेले. तिसऱ्या दिवशी बिजलीने खोगीर ठेवू देईना. कान मागे टाकून तिने पाठ खाली चोरली. घोंगडे काढल्यावर पाहिले तर मणक्याच्या डाव्या अंगाला सुपारीएवढी सूज, आणि मध्ये कातडी चिकट ओली.

याला पाठ लागणे म्हणतात. जिथे गाठ किंवा दुमड असते तिथे सारे ओझे एका टिकलीएवढ्या जागेवर येते, कातडीतल्या बारीक रक्तवाहिन्या दाबल्या जातात आणि रक्त न मिळाल्याने तेवढी कातडी मरते. दाब काढल्यावर सूज येते, म्हणून दिवसभर पत्ता लागत नाही. माझ्या घडीत तर दुमडलेली कड आणि तिच्यावर गाठ अशी दुहेरी तरतूद होती!

जनावरांच्या डॉक्टरांनी जखम धुवायला औषध दिले आणि सांगितले की औषधापेक्षा विश्रांती महत्त्वाची. शेजारच्या एका टांगेवाल्याने सल्ला दिला, घोंगड्याला जखमेपुरते भोक पाडा आणि जुंपा. बाबा म्हणाले, त्या भोकाच्या कडा नवी जखम करतील. बिजली बावीस दिवस खुंट्याला उभी राहिली. वैशाखातले बावीस दिवस. त्या दिवसांत एक टांगा महिन्याभराची चंदी आणि घरातली ज्वारी मिळवून ठेवतो. बाबा मोतीबागेच्या फाटकाशी जात राहिले, पण आता डोक्यावर दुसऱ्यांच्या ट्रंका घेऊन. साठीच्या घरातला माणूस.

घरात मला कुणी मारले नाही, आणि तेच जड गेले. आजीने काही न बोलता हरभऱ्याची अर्धी पायली बाबांच्या घरी पोचती केली, चंदीसाठी म्हणून. मी चार दिवस बाबांच्या समोर गेले नाही. पाचव्या दिवशी त्यांनीच हाक मारली. ते घोंगडे त्यांच्या मांडीवर होते.

"ये इकडं पोरी. हात दे."

त्यांनी माझा तळहात ओट्यावर उताणा ठेवला, त्यावर घोंगड्याची चौघडी ठेवली आणि वरून आपल्या मुठीने दाबले. गाठ तळहातात रुतली. ते दाबतच राहिले. मी हात ओढू लागले तेव्हा त्यांनी मूठ उचलली.

"आता समजलं? तू वरून पाह्यलं. वरून लय चांगलं हाय. पण घोडी काही वरून पाह्यत नाही. तिले खालून समजते."

मग त्यांनी माझ्याकडूनच ते ठिगळ उसवून घेतले आणि आजीला हाक मारून पुन्हा लावायला बसवले, मी शेजारी. त्या दुपारी जे पाहिले त्याप्रमाणेच मी आजवर लोकरी वस्त्र दुरुस्त करीत आले आहे, म्हणून ते थोडे सविस्तर लिहिते.

ठिगळ नेहमी जुन्या घोंगड्याचेच. नवे कापड धुतल्यावर वेगळे आटते आणि ताण पडून सुरकुती येते. तुकडा भोकाहून चारी बाजूंनी चांगला तीन-चार बोटे मोठा. कोपरे कापून गोल करायचे, कारण कोपरा उचलतो आणि वळतो. कड मुळीच दुमडायची नाही. तिचे धागे बोटभर उसवून मोकळे सोडायचे, म्हणजे ठिगळाची जाडी कडेकडे आपोआप उतरत जाते. ठिगळ पाठीच्या बाजूला लावायचे नाही, वरच्या बाजूला लावायचे. दोरा सुताचा नको, सूत लोकर कापते; फाटक्या घोंगड्याचेच लोकरी धागे काढून त्यांना पीळ द्यायचा. सुरुवातीला गाठ नाही, शेवटी गाठ नाही. दोरा आधी टाक्यांच्या ओळीत उलट दोन बोटे नेऊन मग पुढे चालायचे, आणि संपतानाही तसेच मागे वळून विणीत मुरवायचा. टाका ओढून घट्ट करायचा नाही. भोकाच्या कडा खालच्या बाजूने रफू करून विणीत मिळवून टाकायच्या. ठिगळ लावून झाले की ओल्या फडक्याने थोपटायचे आणि रात्रभर पाट्याखाली ठेवायचे. आणि मग डोळे मिटून खालच्या बाजूने तळहात फिरवायचा. ठिगळ कुठे आहे ते हाताला कळले, तर उसवायचे.

त्या दुपारी आजीने ते दोनदा उसवले. गोधडीवर तिचा हात सबंध आळीत पहिला, पण बाबा प्रत्येक वेळी डोळे मिटून हात फिरवीत आणि "माय, इथं लागते" म्हणत. तिसऱ्या वेळी ते काही बोलले नाहीत.

बिजली बरी झाली. पण घोड्याच्या कातडीला अशी जखम झाली की तिथे पुढे येणारे केस पांढरे येतात. तिच्या त्या कुमैत पाठीवर रुपयाएवढा पांढरा ठिपका अखेरपर्यंत राहिला. लोकांना तो जन्मखूण वाटे. कुणी विचारले तर बाबा "असंच हाय" म्हणत. मी समोर असले तरी.

पुढे एस.टी.च्या फेऱ्या वाढल्या, मग रिक्षा आल्या आणि मोतीबागेसमोरचे टांगे एकेक करून कमी झाले. हे सगळ्याच गावांत झाले. मुंबईच्या व्हिक्टोरिया तर २०१५ साली उच्च न्यायालयाने बेकायदा ठरवल्या. तरी घोडे महाराष्ट्रातून गेले आहेत असे समजू नये. सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत आणि नांदेडकडे माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत आजही घोड्यांचा मोठा बाजार भरतो. मेंढरे घेऊन हिंडणाऱ्या धनगरांची बिऱ्हाडे अजून तट्टांच्या पाठीवर चालतात. ती भीमथडी तट्टे. अलीकडे त्यांची स्वतंत्र जात म्हणून देशाच्या दप्तरात नोंद झाली, हे वाचून मला बरे वाटले.

त्या तट्टांच्या पाठीवर आता बहुधा प्लॅस्टिकच्या धाग्यांची भडक ब्लँकेटे दिसतात. ती स्वस्त आहेत, लवकर वाळतात, कसर लागत नाही. पण ती घाम पीत नाहीत. घोडा खाली भिजत राहतो. थंडीत धावून आलेल्या, घामेजलेल्या घोड्यावर असले ब्लँकेट टाकून बांधून ठेवणे वाईटच. बाबा अशा वेळी बिजलीच्या पाठीवर आधी वाळलेल्या गवताचा थर पसरीत आणि त्यावर घोंगडे टाकीत, म्हणजे वाफ निघून जाई आणि अंगाला वारा लागत नसे. आणखी एक गोष्ट ते कटाक्षाने पाळीत. एका घोड्याचे घोंगडे दुसऱ्याला कधी नाही, भावाचा घोडा असला तरी नाही. त्यामागचे कारण पुढे मी वाचले. नायट्यासारखे कातडीचे रोग पांघरुणातून एका घोड्यावरून दुसऱ्यावर जातात, आणि घोड्यावरून माणसावरही.

आणि घोंगडी तरी आता कुठे सहज मिळते? दख्खनी मेंढी वर्षातून दोनदा कातरतात, पण तिच्या राठ लोकरीला भाव उरलेला नाही. पुष्कळ ठिकाणी ती फेकून देतात. धनगरांच्या घरी सूत कातायचे, सणगरांनी खड्ड्याच्या मागावर विणायचे, चिंचोक्याची खळ द्यायची, हे सगळे हात थकत चालले आहेत. चिंचोक्याच्या खळीचा वास आला की मला अजून ते कुसळांचे दिवस आठवतात.

बिजली गेली त्या वर्षी मी नागपूरला कॉलेजात होते. बाबांनी तांबडी झूल कुणा वरातवाल्याला विकली. दोन घोंगड्यांपैकी एक तिच्याबरोबर पुरले. दुसरे ते आजीकडे घेऊन आले, "माय, हे तुमच्या हातचं हाय" म्हणून. आजीकडून ते माझ्याकडे आले.

हे सगळे मी यंदा नातीला गच्चीत बसून सांगितले. तिने पुरते ऐकले की नाही कोण जाणे, हातात मोबाइल होता. पण सांगून झाल्यावर तिने तो बाजूला ठेवला, घोंगड्याखाली हात घातला आणि डोळे मिटून इकडून तिकडे फिरवला. मग पुन्हा फिरवला.

"आजी, ठिगळ आहे कुठे? मला लागतच नाही."

मी तिच्या हातावरून घोंगडे उचलले आणि उलटे पसरले. त्या बाजूला अजून ऊन लागायचे होते.